हात सोडला तरी

शनिवार असल्यामुळं शाळा सकाळची होती, आणि शनिवार असल्यामुळंच मी त्या जीपमध्ये बसले. सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेवीस-चोवीस वर्षांची, डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली. शाळा शहागडपासून आत, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात होती. शहागडला खोली भाड्यानं घेऊन मी राहत होते आणि शनिवारी घनसावंगीपर्यंत जीपनं, तिथून पुढं मिळेल त्या बसनं वाटूरला आई-वडिलांकडं जात होते.

जीपमध्ये जागा नव्हती. ती कधीच नसायची. मागच्या फळीवर टेकून, एका हातानं वरची सळई धरून मी बसले. समोरून उसानं भरलेली बैलगाडी आली, ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली आणि कडेचा मुरूम खचला. जीप काही जोरात उलटली नाही. थकलेला बैल बसतो तशी सावकाश कुशीवर झाली. आतले सगळे एकमेकांच्या अंगावर पडले आणि ओरडत बाहेर आले. मी त्याआधीच, मुरूम खचल्याच्या हिसक्यानं, बाहेर फेकले गेले होते, आणि जीपच्या टपाची लोखंडी कड माझ्या डाव्या पायावर, घोट्याच्या जरा वर आली होती.

पहिल्यांदा दुखलंच नाही. सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, पण मला फक्त एवढंच कळलं की मी उठायला बघतेय आणि पाय माझ्याबरोबर येत नाही. दुखणं नंतर आलं, आणि आलं ते सगळं एकदम.

माणसं धावली. दहा-बारा जणांनी जोर लावून जीप वीतभर उचलली. पण पाय सरळ निघण्यासारखा नव्हता. टपावरच्या कॅरियरचा एक वाकडा आकडा साडीसकट पोटरीत रुतला होता. ओढलं असतं तर पोटरी फाटली असती. तो आकडा कसा सोडवायचा ते कुणी बघेपर्यंत एकाचा हात घसरला आणि जीप परत खाली आली. तेव्हा मी जी ओरडले तो आवाज माझा होता, हे मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं.

मग ड्रायव्हरनं तेलाचा जॅक काढला. दांडा मारला तशी कड वर गेली. एक म्हातारी माझ्या पायाशी बसून हातानं माती उकरू लागली. मी आडवी पडल्यामुळं माझे डोळे बरोबर जॅकच्या उंचीला होते. त्याचा चकचकीत खांब हळूहळू आत चालला होता, आणि कुणीही त्याला हात लावलेला नव्हता.

"उतरतंय," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. "अहो, उतरतंय ते!"

आतलं वायसर गेलेलं होतं, तेल पाझरत होतं. ड्रायव्हर पुन्हा दांडा मारायचा, कड वर जायची आणि पुन्हा उतरायला लागायची. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी सुटका झाल्यासारखं वाटायचं आणि प्रत्येक वेळी ते वजन परत यायचं. एखाद्या गोष्टीचं वर जाणं आणि वर राहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी त्या मुरुमावर पडून शिकले.

शेजारच्या मळ्यात डिझेल इंजिन दुरुस्त करायला आलेला एक मिस्तरी ओरडा ऐकून आला. चाळिशीचा, काटकुळा, कोपरापर्यंत काळे हात. त्यानं जॅककडं एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि काही न बोलता माघारी पळाला. मला वाटलं, घाबरून गेला. तो सायकलवरून परत आला तेव्हा कॅरियरला एक बुटकं, जाड, गंजलेलं लोखंड बांधलेलं होतं. पेचाचा जॅक. मधोमध जाडजूड आट्यांचा खांब आणि तो फिरवायला आडवी सळई.

"तुमचा काढू नका, मारत राहा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मी बाजूला माझा लावून राह्यलो."

खाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्यानं जॅक बसवला आणि सळई फिरवायला लागला. पाव वळसा, सळई काढून दुसऱ्या भोकात, पुन्हा पाव वळसा. कड वर जातेय की नाही हेही कळेना.

"जरा लवकर करा हो," मी रडत म्हणाले.

"जल्दी न्हाई होणार, बाई. पण झालं तेवढं माघारी येणार न्हाई."

चार बोटं वर आल्यावर त्यानं ड्रायव्हरला बाजूला व्हायला सांगितलं. मग सळई काढून खाली ठेवली आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले.

"हे बघा. हात सोडला. बिलकुल हलत न्हाई. दिवसभर बी असंच राहील. आता मी निवांत माती काढतो. तुम्ही तिकडं बघू नका, माझ्याकडं बघा."

मी त्या जॅककडंच बघत राहिले. तो हलला नाही. अर्धा-पाऊण तास तो हलला नाही. तेवढ्या वेळात मिस्तरीनं माझ्या पायाखालची माती खुरप्यानं काढली, ब्लेडनं साडी कापली, आकडा दोन बोटांनी धरून पोटरीतून उलट्या दिशेनं फिरवून बाहेर काढला आणि पाय एखादं मूल पाळण्यातून उचलावं तसा दोन्ही हातांवर घेतला. स्वतःच्या गमछ्यानं बांधला. मला दुसऱ्या गाडीत घालेपर्यंत तो होता. मी त्याचं नावगाव विचारलं नाही. तेवढं भानच नव्हतं.

जालन्याला दवाखान्यात समजलं की दोन्ही हाडं मोडली आहेत, पण रक्ताची मोठी शीर वाचली आहे. डॉक्टर म्हणाले, ते वजन आणखी दोन-तीनदा असंच पायावर आलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. चार महिने प्लास्टरमध्ये गेले. पाय किंचित वाकडा जुळला. आजही मी चालताना डाव्या बाजूला जरा झुकते. शाळेतली पोरं मागून नक्कल करायची, आणि ती बरी जमायची.

पायावर उभी राहिल्यावर पहिली मी त्या मिस्तरीला शोधायला गेले. त्याचं दुकान शहागडला हमरस्त्यावरच होतं, मी रोज त्यावरून जात होते. पत्र्याचं शेड, पुढं एक ट्रक, खाली तोच उताणा पडलेला. मी नारळ आणि टॉवेल-टोपी नेली होती.

तो बाहेर आला, हात पुसले, आणि टॉवेल-टोपी बघून ओशाळला. "आहेर कशाला, बाई? मी काय सोयरा हाय का?"

"तुम्ही नसता तर माझा पाय गेला असता."

"मी काय केलं? जॅक होता. तुमचा पाय बरा झाला, हे बराबर झालं." आणि त्यानं आत आवाज देऊन चहा सांगितला.

मला जे विचारायचं होतं ते मी चार महिने मनात धरून होते. ड्रायव्हरचा जॅक उतरत होता, तुमचा का उतरला नाही? वजन तर तेच होतं.

मिस्तरीनं तो जॅक आणून माझ्यापुढं ठेवला. "त्याच्यात तेल जोर धरतं. तेलानं रस्ता शोधला की गेलं. ह्याच्यात कुणी धरायलाच न्हाई. लोखंडावर लोखंड घासतं, तेच धरतं. म्हणून तर फिरवायला जीव जातो. तुम्ही शंभराचा जोर लावला तर सत्तर हा पेचच खातो, कामाला तीस. आता तुम्हीच सांगा, येताना एवढं खाणारा, जाताना फुकट जाऊ देईल का?"

दोन वर्षं मी सातवीला शिकवत होते की घर्षणामुळं शक्ती वाया जाते, म्हणून घर्षण कमी करावं. फळ्यावर लिहून द्यायचे, पोरं उतरवून घ्यायची. आणि त्याच वाया गेलेल्या शक्तीनं माझा पाय राखला होता. पुढं तंत्रनिकेतनाच्या एका पुस्तकात मला नियमच सापडला: जो पेच निम्म्याहून जास्त जोर घर्षणात घालवतो, तो ओझ्यानं उलटा फिरत नाही. मिस्तरी चौथी शिकलेला होता. त्यानं तो नियम हातानं वाचलेला होता.

"हे आमच्या पोरांना सांगाल का?" मी विचारलं.

"मी? शाळेत?" तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो घाबरला.

हेडमास्तरांना ते फारसं पटलं नव्हतं. गॅरेजवाला येऊन काय शिकवणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण माझ्या पायाकडं बघून ते नाही म्हणाले नाहीत. मिस्तरी आला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. हातातल्या पिशवीत जॅक, एक फळी आणि एक वीट. वर्गात शिरला आणि चाळीस पोरं 'नमस्ते गुरुजी' म्हणत उभी राहिली, तसा तो फळ्याकडं तोंड करून उभा राहिला. वळेचना. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

मी उठून पोरांच्यात, पहिल्या पट्टीवर जाऊन बसले. "गुरुजी," मी हात वर केला, "वीट फळीवर ठेवून फळी तिरपी केली तर काय होईल?"

तो वळला. मला खाली बसलेली पाहून त्याचं अवघडलेपण सुटलं. "काय होईल ते बघूच की," तो म्हणाला, आणि विटेसह फळी उचलली. थोडी उचलली, वीट बसून. आणखी उचलली, बसून. आणखी जरा, आणि वीट घसरून धाडकन खाली. पोरांनी जल्लोष केला. मग त्यानं माझ्या वहीचा कागद मागितला, कात्रीनं तिरपा कापला, तिकोनी कागद पेन्सिलीला गुंडाळला. कागदाची तिरपी कड पेन्सिलीवर आट्यांसारखी वर चढत गेली.

"हीच ती फळी. गोल गुंडाळली की पेच झाला. फळी कमी तिरपी असंल तर वीट बसून राहती. पेचाच्या आट्या कमी तिरप्या असल्या तर वजन बसून राहतं. बस, एवढंच हाय."

मागच्या पट्टीवरून एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, फळीला तेल लावलं तर?"

"शाबास!" मिस्तरी इतक्या जोरात म्हणाला की ती पोरगी दचकली. "तेल लावलं तर घसरंल. म्हणून जॅकला ग्रीस लावायचं ते हिशेबात. लई गुळगुळीत झालेलं लोखंड माणसाच्या कामाचं राहत न्हाई. आणि लई हादरे बसले तरी सुटू शकतो. म्हणून ट्रकच्या नटावर दुसरा नट आवळतात."

दारात उभे असलेले हेडमास्तर केव्हाचे आत येऊन बसले होते. तास संपल्याची घंटा त्यांनी त्या दिवशी उशिरा द्यायला लावली.

मिस्तरीची आणि आमच्या घराची ये-जा सुरू झाली ती अशी. पुढच्या वर्षी वाटूरला आमच्या विहिरीवरची मोटर जळाली, तेव्हा ती त्याच्याकडंच नवी तार भरायला दिली, आणि बसवायला तो स्वतः आला. माझे वडील बोलायला फटकळ. कुणी शिकवलेलं त्यांना खपत नसे. मोटर जोडून झाल्यावर मिस्तरी स्टार्टरपाशी गेला आणि थांबला. हिरवं बटण दाबून त्यात लाकडाची खुंटी ठोकून बसवलेली होती. लाइट सारखी जायची, आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून आमच्याकडं सगळेच तसं करत.

"हे काढतो, अण्णा," मिस्तरी म्हणाला.

"काढू नको. लाइट आल्यावर मी दोन कोस चालत येऊ का बटण दाबायला?"

"या. चाला. ऐका माझं एक मिनिट." त्यानं स्टार्टरचं झाकण उघडून दाखवलं. बटण दाबलं की आतलं चुंबक एक पट्टी ओढून घेतं. मोटरला करंट जातो तो त्या पट्टीतून, आणि चुंबकालाही करंट मिळतो तो त्याच पट्टीतून. "म्हंजे बोट काढलं तरी ते स्वतःला स्वतःच धरून राहतं. लाइट गेली की चुंबक मेलं, पट्टी सुटली. मंग लाइट दहा वेळा आली तरी माणसानं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरणार न्हाई. बनवणाऱ्यानं इचार करून बनवलंय, अण्णा. तुम्ही खुंटी मारून त्याचा इचार मारला."

मिस्तरीनं खुंटी काढून खिशात घातली आणि सोबत घेऊन गेला, म्हणजे परत ठोकायला नको. "मोठा शहाणा," ते नंतर आईला म्हणाले.

आठ-दहा दिवसांनी वडील एकटेच विहिरीवर गेले होते. लाइट नव्हती. पाण्यालगतच्या ओट्यावर उतरून ते मोटर आणि पंप यांच्या मधल्या कपलिंगमध्ये गुंडाळलेलं गवत काढत बसले. मेन स्विच पाडायचा राहिला होता. पन्नास वेळा राहिला असेल. दोन्ही हात कपलिंगमध्ये, आणि सहज वर पाहिलं तर स्टार्टरच्या खोपटातला बल्ब पेटलेला.

"कधी आल्ती काय माहीत," ते आम्हाला सांगत होते. "मी हात काढायचं बी विसरलो. बल्बाकडं बघून राह्यलो. बल्ब चालू आणि मोटर गप."

मोटर गप होती, एवढीच ती गोष्ट. काही घडलं नाही. पण वडिलांनी ती सांगताना हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि त्यांच्याकडं असं बघत होते की जणू ते कुणी नवीन आणून दिलेत. दुसऱ्या दिवशी ते तीन बस बदलून शहागडला गेले, सोबत पायलीभर तूर घेऊन. तिथं काय बोलले ते त्यांनी घरी सांगितलं नाही. मिस्तरीनं मला सांगितलं: "अण्णा आल्ते. चहा पिला, अर्धा घंटा बसले, एक शब्द बोलले न्हाईत. जाताना माझे हात धरले."

वर्षं गेली. माझं लग्न झालं, नोकरी करता करता बी.एस्सी. झाले, हायस्कूलला विज्ञान शिकवू लागले. दोन हजार सालानंतर केव्हातरी जिल्ह्यातल्या आम्हा विज्ञान शिक्षकांची पुण्याला एक सहल निघाली, आणि तिथं एका संशोधन संस्थेत आम्हाला लेसरची प्रयोगशाळा दाखवली. डोळ्यांना रंगीत चष्मे, अंधारी खोली, टेबलावर छोटे छोटे आरसे. तिथला शास्त्रज्ञ तिशीतला, मराठी बोलणारा, कंटाळा न करणारा. पडद्यावर एक सपाट रेघ दिसत होती. "हा आतला उजेड, संथ वाहतोय," तो म्हणाला, आणि एका आरशाच्या बुडाला त्यानं बोटानं टिचकी मारली. रेघ मोडली आणि तिच्या जागी ठोक्यांची रांग उभी राहिली, एकसारखी, न थांबणारी.

"झाला लॉक. आता आपणहून धरून राहील."

सगळे पुढं सरकले. मी तिथंच उभी राहिले. "सर, पण तो परत सपाट का होत नाही?"

त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. मग समजावलं. टिचकीनं उजेडात क्षणभर एक उंचवटा येतो. तो आतल्या स्फटिकातून जाताना स्वतःच स्वतःला गोळा करून बारीक होतो, आणि बारीक झाल्यामुळं त्याची गळती बाकीच्या उजेडापेक्षा कमी होते. फेरीगणिक तो बळावतो, संथ उजेड मागं पडतो. "परत सपाट व्हायचं तर त्याला जास्त गळती सोसावी लागेल. म्हणून होत नाही. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, मॅडम."

"मला एका मिस्तरीनं विचारायला शिकवलंय," मी म्हणाले.

परतल्यावर मी हे सगळं मिस्तरीला सांगितलं. तो आता साठीला आला होता, दुकानात खुर्चीवर बसून काम सांगायचा. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उजेड बी धरून राहतो म्हणा की. मला बघायला मिळंल का हो, बाई?"

मी त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यानं महिन्याभरात कळवलं, घेऊन या.

आम्ही पहाटेच्या बसनं गेलो. मिस्तरीनं नवं धोतर नेसलं होतं. संस्थेच्या फाटकावर त्यानं चपला काढल्या, त्या मी परत घालायला लावल्या. आत गेल्यावर शास्त्रज्ञानं त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. टेबलाभोवती फिरून एकेका आरशाचे बारीक स्क्रू बघत राहिला. "ह्याच्या आट्या किती बारीक हाईत, बघा," तो मला म्हणाला, आणि शास्त्रज्ञानं खुशीत येऊन एक सुटा स्क्रू त्याच्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "टिचकी तुम्ही मारा, काका."

"किती जोरात?"

"अगदी हलकी. पण भीत भीत नको."

पहिली टिचकी फारच हलकी झाली, रेघ हलली नाही. दुसऱ्या वेळी मिस्तरीनं श्वास धरला आणि मारली. पडद्यावर रांग उभी राहिली. शास्त्रज्ञानं टाळी वाजवली. मिस्तरी कितीतरी वेळ पडद्याकडं बघत होता. मग हात जोडून त्यानं आधी त्या टेबलाला, मग त्या तरुण माणसाला नमस्कार केला. शास्त्रज्ञ गोंधळला आणि खाली वाकून त्याच्या पाया पडला.

परतीच्या बसमध्ये मला बोलायचं होतं. वीस वर्षांत मी त्याला नीट शब्दांत कधी काही म्हटलं नव्हतं. टॉवेल-टोपी दिली होती, तूर दिली होती, त्याच्या पोरांच्या लग्नांना आहेर केले होते. नगर सोडल्यावर मी म्हणाले, "मिस्तरी, मी आयुष्यात जे काही चांगलं शिकले ना, त्यातलं निम्मं तुमच्याकडून."

बघितलं तर खिडकीला डोकं टेकवून तो गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं, नव्या धोतराच्या सोग्यात शास्त्रज्ञानं दिलेला पेढ्यांचा पुडा. घरी नातवंडांना न्यायचा होता, म्हणून त्यानं एकही खाल्ला नव्हता. मी तो पुडा पडू नये म्हणून शहागडपर्यंत हातानं धरून बसले.